पारवाप्रेमी गृहस्थ

घराच्या भिंतींना निळसर राखाडी रंग देणारा आणि दिल्यावर त्याविषयी बोलत राहणारा मनुष्यविशेष म्हणजे पारवाप्रेमी गृहस्थ. यातले दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे. रंग देऊन गप्प बसणारे या व्याख्येत येत नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव या तालुक्याच्या गावी तो बहुधा शिक्षक, पतसंस्थेतला बाबू किंवा औषधांचा दुकानदार असतो. वय चाळिशीपुढे, घरकर्जाचे निम्मे हप्ते फिटलेले, आणि एक साळा नागपूरला फ्लॅट घेऊन राहिलेला. रंगाची लागण या साळ्याच्या बैठकीतूनच होते. गृहस्थ तिथे चहा प्यायला बसतो, भिंतीकडे बघतो आणि परतीच्या गाडीत गोंदियापासून अर्जुनीपर्यंत कोणाशी बोलत नाही.

गावातल्या इतर घरांकडे पाहिल्याशिवाय या मौनाचे गांभीर्य कळत नाही. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत पक्के घर बांधले की ते दिसले पाहिजे, असा दंडक आहे. पोपटी भिंत, गुलाबी खांब, खाली चॉकलेटी पट्टा आणि छतावरच्या कठड्याला चंदेरी रंग, हा सर्वमान्य मेळ. वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या हिरव्यागार होतात, आणि एवढ्या हिरव्यात घर हरवू नये ही चिंता रास्तच आहे. तालुक्यातच प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला १९७२ पासूनची नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या फडफडणाऱ्या पताकासुद्धा लाल, पिवळ्या, हिरव्या. गावात निळा म्हटले की आधी जयभीमचा निळा आठवतो. तो स्वच्छ, पुरता निळा. १४ एप्रिलला तो झेंड्यांवर, कमानींवर असतो आणि त्यात राख कालवण्याची कल्पना कोणाच्या मनाला शिवत नाही. पारवाप्रेमी मात्र निळ्यात राख कालवायलाच निघालेला असतो.

मराठीत या रंगाला ‘पारवा’ हा नेमका शब्द आहे. पारव्याच्या अंगावरचा करडा, त्यात निळ्याची झाक. लुगड्यांच्या दुकानात तो एका उच्चारात कळत असे. आपला गृहस्थ तो वापरत नाही. पारवा म्हटले की लोकांना आधी छज्ज्यावरची घाण आठवते, असे त्याचे म्हणणे. शेड कार्डावरचे इंग्रजी नाव त्याला तोंडपाठ असते, त्यात धुके, सागर किंवा स्कँडिनेव्हिया यांपैकी काहीतरी येते, आणि सागर इथून सगळ्या दिशांना लांबच असल्याने कोणी तपासायला जात नाही. खोलात विचारले तर तो दाखले स्थानिक देतो: हिवाळ्यात सूर्य उगवण्याआधीचे नवेगावबांधचे पाणी, किंवा बांधीत उभ्या सारसाची पाठ. सारस महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियाच्या बाजूलाच उरले आहेत, त्यामुळे या उपमेत थोडा जिल्ह्याचा अभिमानही येतो. बायकोला तोच रंग घासलेल्या गंजासारखा, म्हणजे पातेल्यासारखा दिसतो. तिची उपमा अधिक अचूक असते आणि म्हणूनच टाळली जाते.

निवडीचा टप्पा सर्वांत लांब चालतो. गृहस्थ पाच जवळजवळ सारख्या छटांचे लहान डबे आणतो आणि सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या भिंतीवर पाच चौकोन रंगवतो. पाहुण्यांना पाचही एकच वाटतात. घरातली लहान मुले मात्र त्यांत विटी लागल्यास किती गुण ते ठरवून टाकतात. हे चौकोन पंधरा दिवस पाहिले जातात: पहाटे, भर दुपारी, दिवेलागणीला आणि वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात. हा वेडेपणा वाटला तरी त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. राखाडीत मिसळलेला निळा फार थोडा असतो, म्हणून पडणाऱ्या उजेडाप्रमाणे तो तोल बदलतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तीच भिंत थंडगार निळी होते आणि २७०० केल्विनच्या पिवळट दिव्याखाली मळकट, किंचित हिरवी. उत्तरेच्या खिडकीचा उजेड निळेपणा वाढवतो, पश्चिमेचे ऊन तो खाऊन टाकते. गृहस्थाने हे सारे वाचलेले असते. त्याची चूक एवढीच की तो हे पेंटरला सांगतो.

अर्जुनीचा पेंटर दुकानांच्या पाट्या, बैलबंडीची चाके आणि शाळांच्या भिंतींवरचे नकाशे रंगवून तयार झालेला असतो. त्याचा मूळ सिद्धांत असा की पांढऱ्यात काळ्याचे चार थेंब टाकले तरी झाक निळीच येते, मशीनवर जाऊन पैसे घालवायचे कारण नाही. सिद्धांत बराचसा खरा आहे. तरी गृहस्थ दुकानातल्या टिंटिंग मशीनवरूनच डबे भरून आणतो, एक वीस लिटरचा आणि एक चारचा, आणि दोन्ही एकत्र ओतून ढवळा, नाहीतर भिंतीवर जोड दिसेल, अशी ताकीद देतो. पेंटर हे तीस वर्षे करत आलेला असतो. तो फक्त मान हलवतो आणि दर कोटामागे चहा एक कप वाढवून घेतो.

या सगळ्यात घरातली बुढी खाटेवर बसून असते. पहिला कोट वाळला की ती सांगते, “असा रंग तं आमच्या जुन्या सपरीले होताच. नीळ कमी पडली का असाच दिसते.” गृहस्थाला हे रुचत नाही, पण ती बरोबर असते. चुन्यात नीळ घालून भिंती पोतायची रीत महाराष्ट्रभर होती. चिमूटभर नीळ चुन्याचा पिवळेपणा मारते, मूठभर घातली की भिंत आकाशी होते, आणि चुलीच्या धुराने दोन वर्षांत तिच्यावर राखाडी साय धरते. ही नीळ झाडाची नव्हे. अजिंठ्याच्या चित्रांत बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा जो निळा आहे, त्याच जातीचा कारखान्यात बनवलेला हा रंग. तो स्वस्तात कसा करावा यासाठी फ्रान्समध्ये १८२४ साली सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले गेले आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या रसायनज्ञाला मिळाले. चुन्याच्या दाहक क्षारात प्रशियन निळा मरतो, हा टिकतो, म्हणून तर तो पुडीत भरून खेडोपाडी गेला. थोडक्यात, साळ्याच्या फ्लॅटात गृहस्थाला जे स्कँडिनेव्हिया दिसले, ते त्याच्याच बुढीने चार आण्यांच्या पुडीत केले होते. धूर फुकट होता.

रंगकाम भाऊबीजेच्या आत संपवावे लागते, कारण त्यानंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा सुरू होते. मंडईला लेकी, जावई, सोयरे येतात, रात्री वडशाच्या कंपनीचे नाटक असते आणि दिवसा घराचे परीक्षण. इथेच पारवाप्रेमीची खरी कसोटी. पहिला सोयरा सपरीत उभा राहून भिंत वरून खाली बघतो आणि सहानुभूतीने विचारतो, “काहून जी गुरुजी, पैसे सरले का?” त्याच्या मते हे अस्तर असते आणि रंग अजून यायचा असतो. दुसरा, कमी बोलणारा, पुढच्या हंगामात धान चांगले होईल असा धीर देतो. गृहस्थ अशा वेळी ‘डोळ्यांना शांत वाटते’ हे वाक्य म्हणतो. मंडईच्या तीन दिवसांत ते साठेक वेळा म्हणून होते, आणि शेवटी शेवटी आवाजात शांतता राहत नाही.

त्यानंतर उरलेल्या रंगाचा प्रश्न येतो. साडेतीन लिटर उरतातच. पेंटरने ते पहिल्या दिवशी सांगितलेले असते. मग न्हाणीचे दार, तुळशीवृंदावन, पाण्याचा हौद, पेटीचे झाकण आणि गोठ्याची पुढची भिंत यांना तो फासला जातो. भिंतीचा रंग लोखंडावर टिकत नाही, त्यामुळे पेटीचे पोपडे पोळ्याच्या आत निघतात. चुना आणि ओल असलेल्या हौदावर खाराचे पांढरे चट्टे उठतात. पहिल्या पावसाचे मुरमाचे शिंतोडे खालच्या हातभर पट्ट्यावर बसले की गृहस्थ गुपचूप तिथे चॉकलेटी पट्टा मारून घेतो. या पट्ट्याविषयी तो बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी पारवे येतात. ते पोपटी घराच्या छज्ज्यावरही बसत, पण तिथे लांबून दिसत आणि हुसकले जात. इथे ते मानेची हालचाल होईपर्यंत दिसतच नाहीत. रंग साधला याचा एवढा निःपक्षपाती पुरावा दुसरा नाही, तरी गृहस्थ तो पाहुण्यांना दाखवत नाही.

याच सुमारास ‘पैसे सरले का’ विचारणारा सोयरा एकटाच येतो, चहा घेतो आणि जाता जाता शेडचा नंबर मागतो. गृहस्थ तो कागदावर लिहून देतो, शेवटचा एक आकडा बदलून. सोयऱ्याची भिंत किंचित जांभळट निघते. दोघेही एकमेकांच्या सपरीत बसून भिंत डोळ्यांना फार शांत वाटते असे सांगतात, आणि घरी जाताना समाधानी असतात.