गुडघ्याला बाशिंग, दाराशी बर्फ

उतावळा माळी ही थंड हवेच्या प्रदेशात आढळणारी एक मनुष्यजात आहे. अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन, कॅनडात ऑन्टारिओ आणि मॅनिटोबा हा तिचा मुख्य मुलूख. स्त्री आणि पुरुष दोहोंत ती सारखीच सापडते. ओळखायची खूण सोपी आहे: बाहेर गुडघाभर बर्फ असताना ज्याच्या नखांत माती असते, तो उतावळा माळी. या टिपणापुरतं मिनियापोलिस शहर डोळ्यांसमोर धरलं आहे, कारण तिथे नमुने मुबलक आहेत.

हा शेतकरी नव्हे. शेतकऱ्याला हवामानाशी भांडण परवडत नाही. उतावळ्या माळ्याची एकूण जमीन म्हणजे घरामागे फळ्या ठोकून केलेले चार बाय आठ फुटांचे दोन वाफे. त्यांचे नकाशे मात्र तो आलेखाच्या कागदावर काढतो, तेही तीन. पहिला आदर्श, दुसरा व्यवहार्य आणि तिसरा बायकोला दाखवायचा.

रोगाची लागण जानेवारीत होते आणि ती टपालाने येते. नाताळ संपला, की बियाण्यांच्या कंपन्यांचे कॅटलॉग दारात पडू लागतात. हा धंदा जुना आहे. फिलाडेल्फियाची बर्पी कंपनी १८७६ सालची. आयोवातल्या डेकोरा गावची ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही जुनी वाणं जपणारी संस्था १९७५ सालची. खिडकीबाहेर उणे वीस अंश सेल्सिअस आणि मांडीवर पानभर पिकलेला, भेगाळलेला टोमॅटो, अशा अवस्थेत माणसाचा विवेक किती टिकणार? सहा रोपांची जागा असलेला माणूस नऊ वाणांची पाकिटं मागवतो, आणि मग टपालखर्च माफ व्हावा म्हणून आणखी दोन. वाणाच्या नावापुढे ‘६० दिवस’ असं छापलेलं असतं. ते दिवस रोप वाफ्यात लावल्यापासून मोजायचे असतात, बी पेरल्यापासून नव्हे. हा खुलासा कॅटलॉगात असतोच, पण उतावळा माळी तो वाचत नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून साठ दिवस मोजतो आणि मार्चअखेरच्या एका तारखेभोवती लाल गोल करतो.

खर्चाचा हिशेब तो ठेवत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. विल्यम अलेक्झांडर या न्यूयॉर्क राज्यातल्या हौशी माळ्याने तो ठेवला. एक टोमॅटो चौसष्ट डॉलरला पडला असं निघालं, आणि २००६ साली त्याचं पुस्तक झालं. पुस्तक लिहायचं नसेल, तर पावत्या फाडून टाकलेल्या बऱ्या.

या जातीच्या मनात झोन या कल्पनेला मोठं स्थान आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याने देशाचे थंडीनुसार तेरा पट्टे पाडले आहेत आणि प्रत्येकाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केले आहेत. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान सरासरी किती खाली जातं, एवढंच हा नकाशा सांगतो. झाड बाहेर उभं राहून हिवाळा काढेल का, हे त्यावरून कळतं. वसंत कधी येईल हे कळत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात सुधारित नकाशा आला आणि मिनियापोलिस ‘४ ब’मधून ‘५ अ’मध्ये गेलं. उणे एकोणतीस अंशांच्या खालच्या बाजूला होतं, ते वरच्या बाजूला आलं, इतकंच घडलं. उतावळ्या माळ्याने ती स्वतःची बढती समजली आणि पेरणी एक आठवडा अलीकडे ओढली. टोमॅटो शून्यालाच मान टाकतो. त्याला उणे तीस काय आणि उणे अठ्ठावीस काय!

फेब्रुवारीत तो निमित्ताच्या शोधात असतो. दोन तारखेला पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्ससटॉनी गावात ग्राउंडहॉग नावाच्या बिळातल्या प्राण्याला बाहेर काढतात. त्याने स्वतःची सावली पाहिली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाहीतर वसंत लवकर, असा कौल. मिनेसोटात दोन फेब्रुवारीनंतर सहा आठवड्यांनी हिवाळा संपला, तर लोक पेढे वाटतील. म्हणजे कौल कुठलाही आला तरी इथल्या माळ्याला तो शुभच वाटतो, आणि त्याच आठवड्यात तो तळघरात उतरतो.

टोमॅटोचं बी घरात केव्हा पेरावं याचा नियम साधा आहे: शेवटच्या फ्रॉस्टच्या, म्हणजे पारा शून्याला टेकणाऱ्या शेवटच्या रात्रीच्या, सहा ते आठ आठवडे आधी. मिनियापोलिसला टोमॅटो बाहेर लावायचा तो मेच्या मध्यानंतर. मागे मोजत गेलं की मार्चची अखेर येते. मिरचीला याहून दोन आठवडे आधी आणि कांद्याला आणखी आधी पेरावं लागतं. उतावळा माळी सगळंच फेब्रुवारीच्या मध्याला पेरतो आणि वर ‘कांद्याबरोबर टोमॅटोही उरकून टाकला’ असं सांगतो.

या काळात तळघर पाहण्यासारखं असतं. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी लोखंडी रॅक, रॅकवर बहात्तर खणांचे प्लॅस्टिकचे ट्रे, ट्रेखाली विजेवर तापणारी रबरी चटई, वर साखळीने टांगलेले दिवे आणि कोपऱ्यात मंद फिरणारा पंखा. दिवे दिवसाचे चौदा ते सोळा तास चालू. त्यातले काही जांभळे असतात. तो उजेड तळघराच्या झरोक्यातून अंगणातल्या बर्फावर पडतो आणि शेजाऱ्यांना वेगळीच शंका येते. २०२३ च्या ऑगस्टपासून मिनेसोटात घरी गांजाची आठ झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे. तेव्हापासून ती शंका मोकळेपणाने बोलून दाखवतात. टोमॅटो आहेत म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडतात.

बी आठवडाभरात उगवतं. कोंबाची मान मातीतून वर आलेली दिसली की घरातल्या सगळ्यांना खाली बोलावलं जातं. पहिल्या ट्रेला सगळे येतात, दुसऱ्याला धाकटा मुलगा, तिसऱ्याला कुत्रा. प्रत्येक खणात आइस्क्रीमची काडी खोचून तिच्यावर वाणाचं नाव लिहिलेलं असतं. पाण्याने शाई पुसली जाते. एप्रिलपर्यंत मिरच्यांत तिखट कुठली आणि ढोबळी कुठली हे फक्त मिरच्यांना ठाऊक असतं.

यानंतरची संकटं दोन. दिवा रोपापासून लांब राहिला की रोप उजेडाच्या ओढीने ताणलं जातं. मार्चअखेरीस ही रोपं वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांसारखी दिसतात: उंच, फिकट आणि कशाला तरी टेकलेली. दुसरं संकट मायेपोटी येतं. माळी दर दोन तासांनी झारी घेऊन खाली जातो, माती चिकचिकीत होते, तिच्यात बुरशी धरते आणि काल ताठ असलेलं रोप आज बुंध्याशी बारीक होऊन आडवं पडतं. महाराष्ट्रातला शेतकरी याला रोप कोलमडणं म्हणतो. उपाय एकच, पाणी कमी घालणं. पण मायेच्या माणसाला हेच जमत नाही. तो दालचिनीची पूड भुरभुरतो आणि परत पाणी घालतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी पारा एकदम पंधरा अंशांवर जातो. हा दिवस फसवा असतो हे मिनियापोलिसमध्ये शाळकरी पोराला कळतं. उतावळा माळी अर्धी विजार घालून, खुरपं घेऊन अंगणात हजर होतो. खाली अजून जमीन गोठलेली असते. त्या भागात घराचा पाया किमान बेचाळीस इंच खोल घ्यावा असा इमारतींचा नियम आहे, कारण जमीन तितकी खोल गोठू शकते आणि गोठताना फुगते. वरचा बर्फ वितळतो, पण खालचा थर दगड झालेला असल्यामुळे पाणी मुरत नाही. मधला सहा इंचांचा चिखल म्हणजे माळ्याचं नंदनवन. अशा मातीवर पाय दिला की ती दबून विटेसारखी घट्ट होते आणि उन्हाळाभर तशीच राहते. वाफसा आला का, हे पाहायची रीत सगळ्या जगात एकच आहे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि बोटाने टोचायचा. फुटला तर काम करावं, नाहीतर घरात जावं. उतावळा माळी गोळा फुटेपर्यंत टोचत राहतो.

त्यात मातीचं तापमान मोजायचं वेड शिरलं की स्वयंपाकघरातला मांस भाजताना वापरायचा थर्मामीटर नाहीसा होतो. सकाळी सहाला अंगात झोपायचा झगा, पायात बर्फाचे बूट, अशा वेषात तो वाफ्यावर ओणवा होऊन आकडा वाचतो. पाच-सात अंश झाले की मटार, पालक आणि मुळा खरोखरच पेरता येतात. ही पिकं थंडीला भीत नाहीत, त्यांच्या बाबतीत त्याचा उतावळेपणा थोडाफार खपून जातो. मुळा तर पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतो. पण मुळ्याने कुणाचं समाधान झालं आहे? त्याचं मन टोमॅटोत गुंतलेलं असतं, आणि मटाराचे कोवळे शेंडे ससे खाऊन टाकतात.

एप्रिल त्याला जागेवर आणतो. २०१८ साली याच महिन्याच्या मध्याला मिनियापोलिसवर सुमारे चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला. असा एप्रिल आठवणीत असूनही महिनाअखेरीस चार रोपं ‘प्रयोग म्हणून’ बाहेर लागतातच. आणि मग ती रात्र येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, म्हणून चांदण्यांनी भरलेली रात्रच घातकी. साडेनऊला फोनवर आकडा दिसतो: तेहतीस फॅरेनहाइट. बत्तीसला पाणी गोठतं. पुढचा अर्धा तास घरात धरपकड चालते. पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी जातात, मुलाचा सुपरमॅनच्या चित्राचा पलंगपोस जातो, मोठी पातेली आणि दोन बादल्या जातात. डोक्याला विजेरी बांधून माळी एकेका रोपाला झाकतो आणि कडांवर विटा ठेवतो. यात शास्त्र आहे. कापड जमिनीपर्यंत टेकवलं की मातीतून येणारी ऊब आत कोंडली जाते, आणि एक-दोन अंशांनी रोप वाचतं. प्लॅस्टिक पानाला टेकलं तर मात्र तेवढंच पान करपतं. सकाळी कुत्र्याला फिरवणारे लोक त्या अंगणासमोर क्षणभर थबकतात. वाफ्यावर चार लहान मृतदेह झाकून ठेवले आहेत असं वाटतं. कधीकधी ते खरंही निघतं.

या जातीची एक मराठी पोटजात आहे. तिचं गोत्र शिकागो, टोरांटो आणि मिनियापोलिसच्या मराठी मंडळांतून पसरलेलं आहे. मूळ जातीची सगळी लक्षणं तिच्यात आहेत, शिवाय एक कढीपत्त्याची कुंडी आहे. हे झाड हिवाळाभर दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी पानं गाळत उभं असतं, आणि घराचं तापमान त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरतं. गुढीपाडव्याला बाहेर बर्फ असला तरी या घरात ‘आता काय, पाडवा झाला!’ असं म्हणून दोडका, कारलं आणि दुधी दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरतात. मेथी मसाल्याच्या डब्यातली आणि कोथिंबीर धने चोळून, म्हणजे बियाण्याचा खर्च वाचला. तो पुढे दिव्यांच्या बिलात जातो. आळूचे कंद तळघरातून वर येतात आणि भेंडीच्या थंडी सोसण्याविषयी वाद होतो. भेंडी थंडी सोसत नाही. वाद दरवर्षी होतो. पुण्याहून आई व्हिडिओवर विचारते, ‘अरे, बाजारात मिळत नाही का तिथे भाजी?’ मिळते. पण हे उत्तर पोटजातीतला कुणी देत नाही.

मेचा दुसरा रविवार हा मदर्स डे. त्याच्या आगेमागे रोपं काटक करण्याचं काम चालतं. तळघरात वाढलेलं रोप एकदम उन्हावाऱ्यात ठेवलं तर पानं पांढरी पडतात. म्हणून पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं आठ-दहा दिवस सगळे ट्रे सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत न्यावे लागतात. कढीपत्ता असल्यास तोही. माळ्याची कंबर याच काळात धरते. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात रोपं वाफ्यात लागतात. बाजूच्या घरातला साधा माणूस त्याच दिवशी दुकानातून चार डॉलरला एक ठेंगणं, गडद हिरवं रोप आणून लावतो. ऑगस्टमध्ये दोघांचे टोमॅटो एकाच आठवड्यात पिकतात. उतावळा माळी ही गोष्ट मानत नाही.

ट्रेमध्ये उरलेली साठेक रोपं टाकून द्यायला त्याचं मन धजत नाही. ती आइस्क्रीमच्या काडीसकट ओळखीच्यांच्या दाराशी पोहोचवली जातात, आणि जूनमध्ये तब्येतीची चौकशी होते, रोपाच्या. शेजारी असा माळी राहत असेल, तर मे महिन्यात त्याला स्वच्छ शब्दांत ‘नको’ म्हणावं. ‘बघू’ म्हटलंत, तर तो सहा आणून ठेवेल.