गवती चहा, नग १

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, "आमच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय." एवढंच. त्या वेळी पंख्याखालच्या खुर्चीत समन्वयक मॅडम बसल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर हरित समितीची यादी लागली आणि अध्यक्षाच्या जागी माझं नाव. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण वनस्पतिशास्त्र विभागातलं एक पद रिकामं आहे आणि दुसऱ्या पदावरचे गृहस्थ कॅप सेंटरवर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली आहेत. तेव्हा कॉलेजच्या हिरवाईची जबाबदारी, पिठ्या ढेकणाशी ज्याची निदान तोंडओळख आहे अशा माणसाकडे आली.

मेमध्ये प्राध्यापकांना सुट्टी असते असा समाजात एक समज आहे. आमच्या साडूंचाही आहे. त्यांचा दरवर्षी फोन येतो, "काय, मजा आहे बुवा तुमची!" मजा अशी की याच महिन्यात पेपर तपासायचे, याच महिन्यात प्रवेशाची माहितीपुस्तिका शुद्ध करायची आणि वर्षभर न झालेले उपक्रम वर्षभर झाले होते असे अहवालही याच महिन्यात लिहायचे. कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची टीम येणार असली की या शेवटच्या कामाला विशेष बहर येतो. नॅकचा यात दोष नाही. ते फक्त विचारतात, "तुमच्याकडे काय काय आहे?" इतका साधा प्रश्न आमच्या कॉलेजला झेपत नाही.

आता आमच्या घरची बाग. गॅलरी आठ बाय चार, कुंड्या अकरा. अकरातले दोन श्रीखंडाचे डबे आणि एक कान तुटलेली बादली, पण गच्चीबागेच्या शिबिरात सांगताना आम्ही सगळ्यांना कुंड्याच म्हणतो. उन्हाळ्याच्या अखेरीस या गॅलरीत उन्हाची तीव्र टंचाई असते. ऐकून नवल वाटेल, पण ज्याच्या घरात वाळवण चालतं त्याला पटेल. सकाळी आठ ते अकरा ऊन कुरडयांचं. अकरा ते दोन साबुदाण्याच्या चकल्यांचं. दोननंतर तिखटाच्या मिरच्या. या सगळ्यांतून जे कवडसे उरतील ते झाडांचे. जास्वंदीचं पान कुरडईवर सावली धरतंय असं दिसलं तर त्या पानाची बाजू ऐकून न घेता निकाल लागतो.

पाण्याचंही तसंच. गुरुवारी नळ बंद, म्हणून बुधवारी रात्री घरातली सगळी पातेली भरलेली. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला, डाळीचं कढीपत्त्याला, भाजीचं उरलेल्यांना. मला कधी कधी वाटतं, आमच्या कुंड्यांना रोज वरण-भात मिळतो, मलाच पोळी-भाजीवर भागवावं लागतं.

खताच्या बाबतीत मी सुभाष पाळेकरांच्या जीवामृताच्या मार्गाने जायचं ठरवलं. कृती एकराची आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी अर्थशास्त्राचा माणूस, त्रैराशिक मांडलं. अकरा कुंड्यांचं क्षेत्रफळ साधारण अकरा चौरस फूट, एकराचे ४३,५६० चौरस फूट. माझ्या वाट्याला शेण आलं अडीच ग्रॅम, बेसन अर्धा ग्रॅम आणि पाणी ५० मिलीलिटर. अडीच ग्रॅम शेण सुटं कोणी देत नाही. गोठेवाल्याने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि बादलीभर दिलं. मग बादलीच्या हिशेबाने बाकीचं वाढवलं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. चपला न काढता, दारातूनच, अत्यंत हळुवार आवाजात म्हणाले, "सर, घरात सगळे बरे आहेत ना?"

तर असा हा अनुभवी माणूस हरित समितीचा अध्यक्ष म्हणून वनौषधी उद्यानाच्या पाहणीला गेला.

उद्यान मुलांच्या वसतिगृहामागे आहे. कोनशिला संगमरवरी. आत अठ्ठावीस पाट्या आहेत: अश्वगंधा, शतावरी, गुळवेल, ब्राह्मी, अडुळसा, पुनर्नवा. प्रत्येक पाटीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि कोणत्या विकारावर उपयोगी, अशी साग्रसंगीत माहिती. फक्त पाटीच्या खाली पाहू नये. सगळ्या आवारात तीन जीव टिकून होते: एक कोरफड, एक आपणहून उगवलेली रुई आणि कुंपणावरची बोगनवेल. पुनर्नवाच्या पाटीखाली तर पुन्हा नवं होण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

"मामा, हे असं कसं झालं?" मी विचारलं.

मामा म्हणजे आमचे शिपाई. कॉलेजला पूर्वी माळी होता. तो निवृत्त झाला तेव्हा पद व्यपगत झालं. तेव्हापासून घंटा मारणं, टपाल, परीक्षेचं पाणी आणि झाडांचं पाणी ही चारही खाती मामांकडे आहेत.

"पाटीला पाणी लागत न्हाई सर," मामा म्हणाले. "म्हणून त्या ऱ्हायल्या."

माझ्याबरोबर वनस्पतिशास्त्राच्या, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या एक मॅडम होत्या. त्यांची नेमणूक एप्रिलअखेर संपलेली, पुढची मुलाखत जुलैत. मधल्या काळात त्यांना पगार नाही, पण पाट्यांवरची शास्त्रीय नावं तपासून देण्याची 'संधी' कॉलेजने दिली होती. भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून त्या अठ्ठावीस स्पेलिंगं सुधारत होत्या. बोगनवेलीपाशी थांबून म्हणाल्या, "सर, हिच्यात रंगीत दिसतात ती फुलं नाहीत, पानंच आहेत. फूल ते आतलं, बारीक, पांढरं. त्याच्याकडे कोणी बघत नाही."

मग त्यांनी हिची गोष्ट सांगितली. १७६६ साली जगाला वळसा घालायला निघालेल्या फ्रेंच मोहिमेचे प्रमुख बोगनविल. सोबतचे निसर्गशास्त्रज्ञ कॉमर्सन. आणि कॉमर्सनचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेशात गेलेली जान बारे, पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री. ब्राझीलच्या किनाऱ्यावर कॉमर्सनचा पाय दुखत होता, तेव्हा ही वेल बहुधा तिनेच शोधली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. झाडाला नाव लागलं कप्तानाचं.

"तिची नेमणूकही सीएचबीवरच असणार," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पाटीकडे वळल्या.

समितीची बैठक प्राचार्यांच्या एसी केबिनमध्ये झाली. एसीचं पाणी नळीतून खिडकीबाहेर ठिबकत होतं आणि तिथे कोणीही न लावलेला पेरू मस्त वाढला होता. त्याचा हरित अहवालात 'ठिबक सिंचन' म्हणून समावेश करावा अशी सूचना मी गंमत म्हणून केली. ती एकमताने मंजूर झाली. त्यानंतर मी दिवसभर गंमत केली नाही.

वृक्षारोपणाचा विषय निघाला. राज्याचं उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. गणिताच्या सरांनी ही कुठली श्रेणी म्हणून बराच वेळ डोकं खाजवलं आणि सोडून दिलं. त्यातली आपल्या वाट्याची रोपं कुठे आहेत, असं कोणी तरी विचारलं. प्राचार्य म्हणाले, "फोटो आहेत." म्हणजे तो विषय संपला.

उद्यानाच्या फोटोंचं मात्र तसं नव्हतं. फोटो जिओटॅग केलेले हवेत, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश हवेत, आणि तारीख आजची हवी. आजच्या तारखेला आमच्याकडे कोरफड, रुई आणि पेरू. अखेर समन्वयक मॅडमनी तोडगा काढला: प्रत्येकाने घरून दोन दोन कुंड्या आणायच्या, पाट्यांपुढे मांडायच्या, टीम गेली की आपापल्या घरी न्यायच्या. एका सरांनी वजन उचलायला नको म्हणून आपल्या घरच्या गॅलरीतच फोटो काढून पाठवला. ते आकडे नकाशावर टाकून पाहिले तर आमचं वनौषधी उद्यान कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर निघालं, आणि अडुळशामागे पट्ट्यापट्ट्यांची लुंगी वाळत होती.

मी घरी विषय काढला. सौभाग्यवती मिरच्यांची देठं काढत होत्या.

"तुळस नेईन म्हणतो."

"तुळस? आणि सकाळी उठून पाणी कुणाला घालू, तुमच्या प्राचार्यांना?"

तुळस राहिली. तडजोडीत गवती चहा सुटला, पण ताकीद घेऊन. कुंडी त्यांनी माहेरच्या कुंभाराकडून आणलेली, गेरूवर पांढरी वेलबुट्टी काढलेली. "झाडाचं काय व्हायचं ते होवो, कुंडी धड परत आली पाहिजे." स्कूटरवर पायांच्या मधे कुंडी ठेवून मी सिमला ऑफिस चौकातून निघालो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या चौकाला हे नाव. मेच्या दुपारी सिग्नलला उभं राहून 'सिमला' हा शब्द वाचणं ही पुणेकरांची खास तपश्चर्या आहे.

कुंड्या मांडून झाल्या. गवती चहाची कुंडी अश्वगंधाच्या पाटीपुढे आली, कारण कोन चांगला मिळत होता. तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि जुलैतली मुलाखत आठवून मिटलं. तेवढ्यात कार्यालयातले भाऊसाहेब भलीमोठी वही घेऊन आले. आवारात आलेली प्रत्येक वस्तू नोंदवली पाहिजे, टीम विचारते. वहीच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: डेड स्टॉक रजिस्टर.

"भाऊसाहेब, हे जिवंत आहे."

"सर, लाइव्ह स्टॉकचं रजिस्टर आपल्याकडे नाही. ते शेतकी कॉलेजला असतं, म्हशींसाठी."

आणि त्यांनी लिहिलं: गवती चहा, कुंडीसह, नग १.

टीम आली, पाहून गेली, चहा घेऊन गेली. त्याच संध्याकाळी वळीव कोसळला. लाइट गेले, गुलमोहराची एक फांदी प्राचार्यांच्या पार्किंगवर आडवी झाली. स्टाफरूममध्ये आधीच वाद चालू होता. एक पक्ष बहाव्याचा, फुलल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी पाऊस असं व्हॉट्सॲपवर आलेलं ठामपणे सांगणारा. दुसरा पक्ष २०२५ चा, ज्या वर्षी ११ जूनला अपेक्षित मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला आणि तेव्हापासून ज्यांचा बहाव्यावरही विश्वास राहिला नाही असा. मामा भिजलेली घंटा पुसत म्हणाले, "रोहिण्या पडल्या. आता मिरगाचं बघायचं." हा अंदाज कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याची इतिवृत्तात नोंद नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कुंडी आणायला गेलो. भाऊसाहेबांनी वही उघडली, चष्मा वर केला.

"सर, वस्तू आता संस्थेची आहे. न्यायची तर निर्लेखन करावं लागेल."

पद्धत अशी: तीन सदस्यांची समिती नेमायची. तिने वस्तू पाहून ती वापरास अयोग्य झाल्याचा दाखला द्यायचा. मग ती भंगारात काढायची, लिलाव करायचा. लिलावात मला बोली लावता येईल. थोडक्यात, झाड मेलं असेल तर मी ते विकत घेऊ शकत होतो.

आणि झाड तर हातभर वाढलं होतं. मामा रोज सकाळी घंटेआधी सगळ्या कुंड्यांना डब्याने पाणी घालत होते. वळवाच्या दोन सरींनी त्याला असा काही तजेला आला की पाती कुंडीबाहेर लोंबत होती.

तरी मी अर्ज केला. समिती आली. तिन्ही सदस्यांनी कुंडीभोवती फेरी मारली. एकाने कुंडी हलवून पाहिली. दुसऱ्याने पात चुरगळून वास घेतला, मग आणखी चार पाती खुडून खिशात घातली, विभागातल्या चहासाठी. अहवाल दुसऱ्याच दिवशी मिळाला: "सदर वस्तू सुस्थितीत असून वापरात आहे. सबब निर्लेखनाची शिफारस करता येत नाही."

मी व्हरांड्यात तो कागद घेऊन उभा होतो. मामा जवळ आले, कागद वाचल्यासारखा केला, घडी घालून मला परत दिला. मग कुठून तरी खुरपं आणलं, कुंडीपाशी उकिडवे बसले आणि गवती चहाचा ठोंब मुळांसकट मधोमध चिरला. एक अर्धा कुंडीतच दाबून बसवला, वर माती ओढली. दुसरा अर्धा श्रीखंडाच्या डब्यात, ओल्या फडक्यात.

"रजिस्टरात नग एकच हाय ना? त्यो इथं हाय." आणि डबा माझ्या हातात दिला.

मी स्कूटर दामटत घरी आलो. पावसाच्या भीतीने वाळवण आत गेलं होतं, गॅलरी मोकळी होती. डबा मोठ्या आनंदाने कठड्याशी ठेवला. सौभाग्यवतींनी पाती कुरवाळली, वास घेतला, डबा सगळीकडून फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"आणि माझी कुंडी?"