यजमानपदाची हौस

स्पेनमध्ये सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवरच्या कितीतरी धर्मशाळा स्वयंसेवक यजमानांवर चालतात. मुदत साधारण पंधरवड्याची, पगार शून्य. माणूस जातो अध्यात्म शोधायला. हाती लागतात मोरीच्या जाळीत अडकलेले केस आणि दाराशी रॅकवर घमघमणारे बूट. रात्री १० वाजता दिवे मालवायचे, की घोरण्याची जुगलबंदी सुरू. ती संपते न संपते तोच पहाटे पिशव्यांची चुरचुर. काही ठिकाणी भाडं नाही, फक्त दानपेटी. यात्रेकरूंचे पाय दिवसाला २५ किलोमीटर चालतात, पण पेटीसमोर हात आखडतो. गरम पाणी संपलं, की मात्र तेच हात कमरेवर! आपला विठोबा निदान तसा उभा राहून तक्रार तरी करत नाही.