परदेश, व्हाया बालाघाट

नेपाळ हा परदेश आहे हे गल्लीला पटवण्यात माझा अर्धा जून गेला. "पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, मंग फॉरेन कायचं?" हा किराणावाल्याचा सवाल. शेजारच्या काकू तर बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी बसयात्रा केव्हाच करून आल्यात आणि तिला त्यांनी कधी 'फॉरेन टूर' म्हटलेलं नाही. "लुंबिनीले जाता? जा. पान्याचे दिवस आहेत, चपला जास्तीच्या ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या.

मी मात्र हटलो नाही. मतदार ओळखपत्रावर भागतं हे ठाऊक असूनही कपाटातून पासपोर्ट शोधून काढला. कोरा करकरीत. नाक्यावर आपल्या लोकांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, असं मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं. तरी तो मी शर्टाच्या खिशात ठेवला, अर्धा बाहेर दिसेल असा.

पावसाळ्यात कोण जातं फिरायला, असं विचारणाऱ्यांनी धानाची शेती बघितलेली नसते. आमची शेती अर्जुनी मोरगावकडे, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर. उन्हाळी धान निघून विकलं जाईपर्यंत बाबांचा मे महिना त्यांचा नसतो आणि जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की माणूस चिखलाचा. रोपांसाठी पऱ्हे टाकल्यापासून ते रोवायला येईपर्यंत जे तीनेक आठवडे मिळतात, तेवढीच काय ती रजा. तीही ऐन आर्द्रात. बाबांनी होकार दिला तो एका अटीवर: रोवण्याच्या आत परत.

माझी मूळ योजना काठमांडू-पोखराची होती. ती बायकोने एका वाक्यात मोडली. जुलै २०२४ मध्ये त्याच वाटेवर सिमलतालजवळ दरड कोसळली आणि दोन बस माणसांसकट त्रिशूलीत गेल्या, हे तिला तारखेसह पाठ होतं. "लेकरं घेऊन मी त्या घाटात येणार नाही." नदीत गेलेल्यांत कित्येक जण अजून सापडलेले नाहीत. मी नकाशाची घडी घातली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायलाही नको होतं.

उरली तराई, म्हणजे लुंबिनी. हिशेब केला तर भारतात सुमारे हजार किलोमीटर आणि परदेशात पंचवीस-तीस. स्टेटसवर मी फक्त 'इंटरनॅशनल रोड ट्रिप' एवढंच लिहिलं.

या हजार किलोमीटरवरून एक सांगतो. गोंदियाहून मुंबईही साधारण हजारच. म्हणजे आमची राजधानी आणि आमचा परदेश सारख्याच अंतरावर. मुंबई-पुण्याच्या माणसाने गोंदिया हे नाव पाहिलेलं असतं ते गाडीच्या पाटीवर. मुंबईहून सुटते ती विदर्भ एक्स्प्रेस, कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्हींच्या पाटीवर आम्ही शेवटचे. पाटीच्या त्या टोकाला खरोखर माणसं राहतात यावर त्यांचा विश्वास नसतो. पुण्यात माझी एमएच ३५ ची गाडी बघून वॉचमनपासून प्राध्यापकापर्यंत सगळे विचारतात, "हे कुठलं पासिंग?" सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "गोंदिया छत्तीसगडमध्ये ना?" एकाने तर माझ्या मराठीचं कौतुक केलं. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, राज्यात सारस पक्षी टिकून आहे तो मुख्यतः आमच्याच धानाच्या बांध्यांत, नवेगावबांधसारखे तलाव इथल्या कोहळी समाजाने बांधले, हे सगळं मी न विचारता सांगतो. ऐकणारा घड्याळ बघतो. पावसाचंही तेच. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की चॅनेलवाले दिवसभर छत्री घेऊन उभे. आमच्याकडे वैनगंगा पात्राबाहेर आली तरी 'विदर्भात काही ठिकाणी जोरदार'. काही ठिकाणी! त्या काही ठिकाणी आम्ही राहतो हो. असो, गाडी काढायची होती.

गाडी काढली पहाटे, आणि नेमक्या त्याच वेळी आभाळ फाटलं. कॅरिअरवरच्या बॅगांना ताडपत्री बांधायचं काम मी इंटरनेटवर शिकलेल्या गाठीने केलं. बाबा पोर्चमध्ये उभे राहून बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी ती सगळी सोडली, धानाच्या गाडीला बांधतात तशी पुन्हा आवळली आणि काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसले. मांडीवर लाखोळीच्या वड्यांचा डबा.

अर्ध्या-पाऊण तासात रजेगावचा बाघ नदीवरचा पूल. पलीकडे मध्य प्रदेश. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वायपर जीव तोडून फिरत होता. गाडीत पाऊस थांबावा असं सगळ्यांना वाटत होतं, एक माणूस सोडून. "पडू दे," बाबा काचेला नाक लावून म्हणाले. "पऱ्ह्याले लागते." मग हजार किलोमीटर तेच. बालाघाटजवळ, "इकडचा चिन्नोर चांगला." मंडल्याच्या जंगलात माझा घाट चढवण्याचा पराक्रम चालू असताना, "कोदो लावतेत इथं." रीवा गेलं, प्रयागराज गेलं, मी टोलनाके आणि मायलेज सांगत राहिलो, ते बांध्या बघत राहिले. गोरखपूरच्या पुढे तर ते खुलले. दोन्ही बाजूंना चिखल, पाठी वाकलेल्या बाया, हिरवे पुंजके. "अरे, यांचा रोवना लागला!" माझ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा त्यांनी असा बांधाबांधाने गोंदिया करून टाकला. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की पन्नास वर्षं या माणसाने पाऊस फक्त आपल्या बांधावरून बघितला होता, काळजीने. दुसऱ्याच्या शेतावर पडणारा पाऊस निवांत बसून बघण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. मी वेग कमी केला. बायकोला वाटलं, रस्ता खराब आहे.

सोनौलीला ट्रकांची रांग, वरून धार. कमान ओलांडली तरी वाहतूक डावीकडूनच, चिखल तोच, पाट्याही देवनागरीत. परदेशाचा पुरावा म्हणून मी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. "मामाजी, तुमचंही करून देऊ का?" बायकोने बाबांना विचारलं. "पंधरा मिनिटासाठी घड्याळ कोन फिरवते?"

गाडीच्या परवान्यासाठी भन्सारच्या, म्हणजे तिथल्या कस्टम्सच्या, खिडकीशी छत्री सावरत गेलो. बाबाही पाठोपाठ आले. कारकुनाने कागद बघितले, खिशातल्या पासपोर्टकडे ढुंकूनही बघितलं नाही. "एमएच... बंबई से?"

आयुष्यभर पुणेकरांशी ज्या मुद्द्यावर भांडलो तो मुद्दा समोर उभा होता. मी म्हटलं, "जी, बंबई."

"बंबई नही!" बाबांनी माझ्या खांद्यावरून डोकं खिडकीत घातलं. "गोंदिया. अर्जुनी मोरगाव. धान का इलाका है।"

कारकुनाने मान वर केली. त्याच्याही घरी रोपाई चालू होती; त्यांच्या असार महिन्याच्या पंधराला दही-पोहे खाऊन चिखलात उतरायचं तर रजा मिळत नव्हती. मग वाण कोणतं, एकरी किती होतं, मजुरी काय पडते. मागची रांग हॉर्न वाजवू लागली. मी म्हटलं, "बाबा, चला." ते म्हणाले, "थांब रे, भाव तं विचारू दे."