एमएच १७ स्पोर्ट्स

स्पोर्ट्स कार ही वस्तू संगमनेरात विकत मिळत नाही, ती करावी लागते. माझ्या भाच्याने त्यासाठी कच्चा माल म्हणून मारुती ८०० घेतली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, अश्वशक्ती चाळिशीच्या आत. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींच्या हातून या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, आणि २०१४ साली कंपनीने ती बनवणंच थांबवलं. या तीस वर्षांत जपानी आणि भारतीय इंजिनिअरांना तिच्यात जे जमलं नाही, ते अकोले नाक्याच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जमेल, अशी भाच्याची खात्री होती. शेडमधल्या मिस्त्रींची खात्री त्याहून पक्की होती, कारण पैसे भाच्याचे होते.

या छंदाची खरी गंमत अशी, की यात एक काम कधीच एक राहत नाही. सुरुवात टायरपासून झाली. मूळची बारा इंची चाकं बघून मित्र हसतात, म्हणून अलॉय आणि रुंद टायर आले. रुंद टायर वळणावर मडगार्डच्या आतून घासू लागले, म्हणून मडगार्डच्या कडा ठोकून आत वळवल्या. ठोकताना रंग उडाला, म्हणून डेंटर आणि पेंटर आले. टायर रुंद म्हणून स्टेअरिंग जड झालं; या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, पॉवर भाच्याच्या दंडात. त्याने लगोलग जिम लावली. जिमची फी मी गाडीच्याच खर्चात धरतो, तो धरत नाही.

नव्या चाकांचा व्यास मूळच्यापेक्षा मोठा. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. पण मीटर बिचारा जुन्या हिशोबाने फेरेच मोजतो. म्हणजे गाडी खरोखर पन्नासने धावत असली तरी काटा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो. इतका खर्च करून वेग वाढला, आणि दिसतो मात्र कमी! भाच्याने यावर लगेच उपाय योजला. तो काट्याकडे बघतच नाही.

मग गाडी खाली बसवायची ठरली. स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून पाहिजे म्हणून मिस्त्रींनी स्प्रिंगा कापल्या. आता संगमनेरात रस्ता कमी आणि गतिरोधक जास्त अशी परिस्थिती आहे. दिल्ली नाक्यावरून बस स्टँडकडे जायचं तर प्रत्येक गतिरोधकावर आम्ही सगळे खाली उतरतो, गाडी तिरकी करून रिकामी पलीकडे नेतो आणि पुन्हा बसतो. मागे थांबलेले रिक्षावाले आता आम्हाला ओळखतात. एकाने तर विचारलं, ‘‘काका, धक्का देऊ का?’’ गाडी बंद पडलेली नाही हे त्यांना पटवून देण्यात माझा बराच वेळ गेला.

डिकीवर पंख बसला तेव्हा मात्र मी विज्ञानाचा आधार घेतला. तो पंख हवेला वर ढकलतो आणि त्या जोरावर गाडी खाली दाबली जाते. पण हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी एकशेसाठला जेवढा मिळेल, त्याचा सोळावा हिस्सा चाळीसला. आणि बाह्यवळण सोडून गावात शिरलं की चाळीससुद्धा स्वप्नातच. शिवाय मारुतीला ओढतात पुढची चाकं. पंख दाबणार मागची, जी नुसतीच पाहुण्यासारखी मागे येतात. हे सगळं मी कागदावर काढून दाखवलं. भाच्याने कागद निरखून पाहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, फोटो मागूनच घेतात.’’

सायलेन्सरची पुंगळी काढल्यावर प्रकरण घरापर्यंत पोचलं. आमची ताई गाडी वळणावर असतानाच कुकर खाली उतरवते. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा एक समज शेडमध्ये आहे. प्रत्यक्षात या इंजिनाची नुसती पुंगळी काढून वाढलेली ताकद मोजायला फार बारीक काटा लागेल. अनंत फंदी हे आमच्या गावचे शाहीर. त्यांचा उपदेशाचा फटका भाच्याने शाळेत पाठ केला होता. त्यात सायलेन्सरबद्दल काही नाही, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे.

सायलेन्सरबद्दल आहे ते मोटार वाहन कायद्यात. कलम ५२ म्हणतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची सोय. मी भाच्याच्या गाडीचा हिशोब केला. दंड गाडीच्या किमतीच्या पुढे गेला, तेव्हा मी बेरीज थांबवली.

तो मला उदाहरणं देतो. दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ दाखवली, भारतीय स्पोर्ट्स कार. बरोबर, पण तो कारखाना होता, पत्र्याची शेड नव्हती. मग तो सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं नाव घेतो. हे उदाहरण मला मनापासून आवडतं. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावातल्या या माणसाने भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप केली, तीही किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी ती नियमात बसत नाही हे सांगितलंच, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. ‘‘बघा!’’ भाचा म्हणतो. मी म्हणतो, त्यांनी नसलेली गाडी उभी केली, तू असलेली बसवलीस.

पण खरं सांगू? गाडी सजवण्यात तालुक्यात कुणी उस्ताद असेल, तर तो गळीत हंगामातला ट्रॅक्टरवाला. रात्री अमृतनगरच्या कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर बघा. दोन ट्रॉल्या ऊस, आरशांना गोंडे, छताला झालर, मडगार्डवर स्पीकर, रंगीत दिव्यांची माळ आणि पाठीमागे मुलाबाळांची नावं. आणि सगळ्यात पुढे, तोंडाशी, लोखंडी वजनं. कारण मागचा भार ओढताना पुढची चाकं उचलली जातात आणि स्टेअरिंग हवेत फिरतं. भाच्याने पंखावर जे शोधलं, ते या माणसाने लोखंड टांगून सोडवलंय, आणि योग्य चाकांवर.

हिवरगाव पावशाच्या टोलनाक्याजवळ चहाला थांबलो असताना असाच एक ट्रॅक्टरवाला येऊन आमच्या गाडीभोवती फिरला. पंखाला हात लावून पाहिला, खाली वाकून सायलेन्सर पाहिला.

‘‘आवाज एक नंबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘वढती किती?’’

‘‘ओढत नाही,’’ भाचा म्हणाला. ‘‘स्पोर्ट्स आहे.’’

‘‘मंग मागं कशापायी दाबून धरली? पुढं टाक की काहीतरी.’’

भाचा घरी येईपर्यंत गप्प होता. मला वाटलं, मनाला लागलं. परवा त्याचा फोन आला.

‘‘मामा, तो ट्रॅक्टरवाला बरोबर बोलला. पुढच्या चाकांवर वजन पाहिजे.’’

‘‘किती?’’

‘‘सत्तरेक किलो बास,’’ तो म्हणाला. ‘‘रविवारी तुम्ही मोकळे आहात ना?’’