एकास सत्त्याऐंशी

धुळेकराला रेल्वेनं लांब जायचं असलं की तो आधी एसटी स्टँडवर जातो. धुळ्याला स्टेशन नाही असं नाही. चाळीसगावहून निघालेला फाटा 1900 सालापासून इथं येऊन थांबलेला आहे, आणि थांबलेला म्हणजे अगदीच थांबलेला. पुढं रूळच नाहीत. मोहाडी, बोरविहीर, शिरूड, राजमाने, जामदा अशी नावं घेत सुमारे 56 किलोमीटर गेलं की चाळीसगाव येतं, आणि उरलेला भारत तिथून सुरू होतो. अलीकडे मुंबईची एक गाडी थेट सुटते, पण मला जायचं होतं पुण्याला, तेही जळगावहून मामांना सोबत घेऊन. म्हणून दक्षिणेला जाण्यासाठी मी पूर्वेची एसटी धरली.

पारोळ्याच्या अलीकडे शेजारच्या बाबांनी विचारलं, “कथा चालनात भाऊ?”

“पुण्याला. खेळण्यातली रेल्वे बघायला.”

बाबांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं. मग हळहळून म्हणाले, “खरी नही मिळनी का?”

एरंडोल येईपर्यंत मी त्यांना समजावत होतो की पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी नावाचे गृहस्थ होते, त्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद होता, आधी ते हौसेनं तात्पुरती प्रदर्शनं भरवायचे आणि 1998 मध्ये त्यांनी त्याचं कायमचं संग्रहालयच केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “तिले तिकीट लागस का?” लागतं म्हटल्यावर त्यांना ती रेल्वे खरी वाटायला लागली.

आमचे मामा भुसावळ विभागातले. वाफेच्या इंजिनात कोळसा ओढण्यापासून सुरुवात करून विजेच्या इंजिनावर निवृत्त झाले. आता जळगावात असतात. त्यांना कोणी ‘लोको पायलट’ म्हटलं तर ते आकाशाकडं बोट दाखवतात आणि “ते तिकडं,” म्हणतात. गार्डाला हल्ली ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, हे कळलं त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं मामी सांगतात. कोथरूडला राहणाऱ्या नातवानं त्या छोट्या रेल्वेचा व्हिडिओ पाठवला, तो मामांनी चष्मा लावून, चष्मा काढून, फोन आडवा धरून पाहिला आणि जाहीर केलं, “प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल.” मामी म्हणाल्या, “जा. पण येताना काही आणू नका.”

महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसल्यावर जळगावचं स्टेशन मागं पडायच्या आत डबा उघडला गेला. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वर केळी. डब्यात समोरच्या बाकावर पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनी भरिताचा वास घेतला, नाही-नाही म्हणाले आणि पाचोऱ्यापर्यंत आमच्यासाठी थोडंच उरलं.

पाचोऱ्याला मामा खिडकीशी सरकले. अंधार पडत आला होता. “तिकडं आपली पीजे उभी राहायची,” ते म्हणाले. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी गेजची गाडी 1918-19च्या सुमाराला सुरू झाली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत 56 किलोमीटर जायची, आधी वाफेवर, मग डिझेलवर. चालत्या गाडीतून उतरून शेतातलं काहीतरी खाऊन पुन्हा तीच गाडी पकडल्याची गोष्ट जामनेरकडचा प्रत्येक माणूस सांगतो. भारतातल्या सगळ्याच छोट्या गाड्यांबद्दल ही गोष्ट सांगतात. जामनेरकरांचा दावा इतकाच की आमचीच खरी. 2020 पासून पीजे बंद आहे. ब्रॉडगेज करून ती बोदवडपर्यंत न्यायचं ठरलं आहे. पुण्याच्या काकू म्हणाल्या, “अय्या, म्हणजे टॉय ट्रेन!” मामांनी उरलेलं भरीत शांतपणे झाकून ठेवलं. पीजेतून बाजारकरू जायचे, शाळेतली पोरं जायची, लग्नाची वऱ्हाडं जायची. तिला खेळणं म्हणणं खानदेशात चालत नाही.

अमेरिकेत म्हणे नोव्हेंबर हा मॉडेल रेल्वेचा महिना असतो. हौशी लोक आपापल्या तळघरात डोंगर, बोगदे, गावं उभारून रूळ टाकतात आणि ठरावीक दिवशी दार उघडं ठेवतात; कुणीही यावं आणि बघावं. आमच्याकडं तळघर नाही, आणि घरात एखादी खोली मोकळी असलीच तर भाव येईपर्यंत तिच्यात कापूस असतो. तरीही मी ठामपणे सांगतो, घरोघरची रेल्वे बघायची तर धुळ्याला यावं. इथल्या जुन्या घरांत मनमाड-इंदूर रेल्वेचा एकेक आराखडा आहे. कुणाचा वहीच्या मागच्या पानावर, कुणाचा कॅलेंडरच्या पाठीवर, कुणाचा ओट्यावर खडूनं काढलेला. तो सर्वांना पाहायला कायम खुला असतो. चहा मिळतो. मालक मालेगावपासून बोट फिरवायला लागतो, धुळ्यात स्टेशन वाढवतो, शिरपूरला पाणी भरतो, सेंधव्याकडं बोगदा पाडतो आणि दुसऱ्या कपाच्या आत इंदुरात पोहोचतो. पिढ्यान्‌पिढ्या ही गाडी अशीच वेळेवर धावते आहे. निवडणूक आली की तिला जादा डबे लागतात. 2024च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं खरोखरच मंजुरी दिली, 309 किलोमीटर आणि 18,036 कोटी रुपये. त्या दिवशी आमच्या गल्लीतले एक काका खिन्न होते. त्यांच्या आराखड्यात मार्ग त्यांच्या मेव्हण्याच्या शेतातून जात होता.

मनमाड आलं तेव्हा मामा घोरत होते, पण गाडी सुटताना झोपेतच त्यांचा हात हॉर्नसाठी वर गेला.

कोथरूडच्या दालनात शिरल्यावर मामांनी पहिल्यांदा चपला व्यवस्थित जोडून ठेवल्या, मग शर्टाची वरची गुंडी लावली. समोर एक अख्खं गाव पसरलेलं. उड्डाणपूल, दिव्याचे खांब, कुंपणं, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून बघायचं सिनेमाघर, उलटी टांगलेली एक गाडी, आणि मधून सगळीकडून रूळ. सिग्नल 65च्या वर. मी सर्कस बघत होतो, मामा सिग्नल मोजत होते.

मग ते वाकले आणि रुळांच्या मधलं अंतर डोळ्यांनी मापायला लागले. “भाचे, ही आपली गेज नाही.”

मी फोनवर हिशेब केला. हे मॉडेल ज्या मापात असतं त्याला एचओ म्हणतात, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला 87 नं गुणलं तर साधारण 1435 येतात, म्हणजे युरोपातली स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. तिला इथं सव्वाएकोणीस लागतील. मामांची नजर पावणेतीन मिलिमीटरसुद्धा चुकली नव्हती.

“आणि पीजे?”

“762 भागिले 87. पावणेनऊ मिलिमीटर.”

“पावणेनऊ,” मामा पुटपुटले. आकडा त्यांना आवडलेला दिसला.

हिशेबाची चटक लागली की सुटत नाही. या मापात धुळे-चाळीसगाव साडेसहाशे मीटर भरतं. मनमाड-इंदूर साडेतीन किलोमीटर. जर्मनीत हांबुर्गला दोन जुळ्या भावांनी 2001 मध्ये याच मापाचं एक अवाढव्य छोटं जग उघडलं, त्यात 16 किलोमीटरच्या वर रूळ आहेत. म्हणजे तेवढ्यात मनमाडहून चार वेळा इंदूर गाठता आलं असतं. धुळ्याच्या कुठल्याही आमदाराला हे कळवायला हरकत नाही.

खेळ सुरू झाला. निवेदन लागलं, वाफेचं इंजिन निघालं, मागून बुलेट ट्रेन सुसाट गेली. पहिल्या सिग्नलपाशी मामा खणखणीत आवाजात म्हणाले, “होम, हिरवा!”

सगळं दालन वळलं. इंजिनात ड्रायव्हरनं आणि असिस्टंटनं प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्यानं म्हणून दाखवायचा, असा नियम आहे. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी सर्कशीकडं पाहिलं.

तेवढ्यात त्यांच्या कोपरापाशी उभा असलेला सहा-सात वर्षांचा एक पोरगा ओरडला, “हिरवा!”

मामांनी खाली पाहिलं. त्यांना असिस्टंट मिळाला होता. पुढचा सगळा खेळ त्या दोघांनी चालवला. “स्टार्टर, हिरवा!” “हिरवा!” “लाल!” “लाल!” दालनातले दिवे मंदावले, गावात रात्र झाली, खिडक्या उजळल्या, लोकांनी आहा केलं; हे दोघं मात्र ड्यूटीवर. टांगलेली गाडी आली तेव्हा पोरानं विचारलं, “आजोबा, हिचा सिग्नल कुठला?” मामा क्षणभर गप्प झाले. उलट्या गाडीचं प्रशिक्षण भुसावळला कुणी दिलं नव्हतं. “हिला आपण जाऊ देऊ,” ते म्हणाले. “ही दुसऱ्या डिव्हिजनची.”

बाहेर आल्यावर त्यांनी पोराशी हात मिळवला आणि त्याच्या आईला सांगितलं की मुलगा सतर्क आहे, फक्त लाल जरा हळू म्हणतो.

परतीच्या गाडीत मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. पाचोरा-जामनेर पूर्ण करायची तर साडेसहाशे मीटर रूळ. जळगावच्या गच्चीवर एवढे मावणार नाहीत. मग पाचोरा स्टेशन, एक पूल, शेंदुर्णी आणि पहूर एवढंच घ्यायचं. जामनेर जिन्यावर उतरवता येईल. रूळ पावणेनऊ मिलिमीटर, त्यात तडजोड नाही. दिवाळीत सुट्ट्या असतात तेव्हा लोकांना बघायला खुलं करायचं, तिकीट नाही, चहा मामींकडून.

चाळीसगाव गेल्यावर त्यांनी फोन लावला. मामींचा आवाज मला समोरच्या बाकावर ऐकू येत होता.

“गच्ची? कुरडया कुठं वाळवायच्या मी?”

“एका कडेनं रूळ जातील. बाकी जागा तुझीच.”

“आज एका कडेनं म्हणता, उद्या डबल लाईन टाकाल. आणि माझी तुळस?”

“तुळशीला वळसा घालू. तिथं कर्व्ह देऊ.”

“मला लेखी द्या,” मामी म्हणाल्या. “आणि मोबदला लागेल. रेल्वेला जमीन गेली की चौपट मिळतो, टीव्हीवर सांगितलं.”

“चौपट गावाकडं असतो,” मामा म्हणाले. “आपण महानगरपालिकेच्या हद्दीत आहोत. दुप्पट बसेल.”

“मग गाव म्हणून धरा! नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते विचारा आधी!”

पाचोरा येईपर्यंत हरकतींवरची सुनावणी चालू होती.