डाव्या काचेची वहिवाट

ज्या गृहस्थाने आयुष्याची तेहतीस वर्षे शाळेतल्या वह्यांमधील ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालविली, त्याने मालवाहू गाडीच्या दारांतील विद्युत्-यंत्रणेविषयी लेखणी उचलावी, ही आमच्या पुतण्याच्या मते निव्वळ अनधिकार चेष्टा आहे. आणि ती दारे त्याच्याच पिकअपची असल्यामुळे त्याची हरकत दप्तरी दाखल करूनच मी पुढे सरकतो.

आम्ही वरठीचे. वरठी कोठे, असे कोणी विचारल्यास 'भंडारा रोडला उतरा' असे सांगावे लागते, आणि पाहुणा तेथे उतरून भंडारा शोधू लागला म्हणजे ते अजून दहाएक किलोमीटर दूर आहे, हेही सांगावे लागते. शहर रुळांपासून लांब राहिले की स्टेशनाला त्याचे नाव द्यायचे आणि पुढे 'रोड' हा शब्द जोडून मोकळे व्हायचे, ही जी रीत गोऱ्या अंमलदारांच्या काळात पडली, तिच्यामुळे हावडा-मुंबई लोहमार्गावरचे स्टेशन आमच्या पदरात पडले आणि त्याच्या पाटीवरचे नाव मात्र भंडाऱ्याकडे गेले. वस्तू एकाच्या ताब्यात आणि हुकमत दुसऱ्याची, या व्यवस्थेचा असा पिढीजात सराव असूनही, ती एके दिवशी आमच्या घरच्या गाडीच्या डाव्या काचेला लागू होईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

पिकअपला दारे दोनच. उजवीकडे पुतण्या, मध्ये गिअरच्या दांड्याला गुडघा लावून मी, आणि डावीकडे आमची सौभाग्यवती, जिला पुतण्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे 'मोठी आई' म्हणतो. डाव्या दाराचे काच फिरवायचे हँडल ही तिची निर्वेध वहिवाट होती. मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला निघालो की वाऱ्यापुरते अडीच फेरे, वाटेत कोणाला दोन शब्द सुनवायचे असल्यास पूर्ण सहा, आणि एका विशिष्ट नातलगाच्या घरावरून जाताना भर वैशाखातही काच गळ्यापर्यंत बंद, असे तिचे नियम ठरलेले होते. आणि त्यांविरुद्ध कोणत्याही कचेरीत अपील चालत नसे.

काचा आणि कुलपे विजेवर चालविण्याची पुतण्याची दरखास्त आली ती नवतपाच्या आधी. गाडीला थंड हवेचे यंत्र नाही, त्यामुळे काचा उघड्या ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. आणि उघड्या ठेवाव्यात तर मे महिन्यातल्या अवकाळी सरीला मुहूर्त लागत नाही.

"मोठेबाबा, एकटा असलो का डावी काच कोण वर करते जी? इकडं स्टेअरिंग, तिकडं पाणी, अन् मधात बिल्टी भिजून राहिली."

युक्तिवाद बिनतोड होता. तरी मी वेळ काढण्यासाठी त्या दिवशी गाडीत असलेल्या तुमसरच्या तांदळाकडे बोट दाखविले. तो तांदूळ एचएमटी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने निवडून निवडून सिद्ध केलेले हे वाण त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने बाजारात आले. त्या घड्याळांपैकी 'जनता' माझ्या मनगटावर होते आणि मी त्याला रोज सकाळी चावी देत होतो. ज्या तांदळाचे नाव चावीच्या घड्याळावरून पडले, तो वाहणाऱ्या गाडीतून हाताने फिरवायची वस्तू हद्दपार करणे कृतघ्नपणाचे नाही काय, असे मी विचारले. पुतण्याने माझ्या घड्याळाकडे पाहिले. ते वीस मिनिटे मागे होते. दरखास्त मंजूर झाली.

नागपुराहून खोके आले. त्यात दोन मोटारी, बटणे, रिले, तारांचे एक जटाजूट भेंडोळे, आणि कुलपांसाठी चार यंत्रे निघाली; कारण संच चार दारांच्या गाडीसाठी बनविलेला आणि आमची दारे दोन. उरलेल्या दोहोंचे काय करावे, या माझ्या प्रश्नाला संच बसवायला आलेल्या मिस्त्रीने शांतपणे उत्तर दिले, "राहू द्या जी गुरुजी, पुढं चार दाराची घ्याल तं कामी येतील." ती दोन यंत्रे आजतागायत आमच्या देवघराखालच्या फळीवर चार दारांच्या गाडीची वाट पाहत आहेत.

शस्त्रक्रिया अंगणात, कडुनिंबाखाली झाली. हँडल ज्या घोड्याच्या नालासारख्या चिमुकल्या क्लिपेने आपल्या दांडीला धरून असते, ती क्लिप मिस्त्रीने फडक्याने ओढताच 'टण्' असा आवाज करून जी अंतर्धान पावली, ती तुळशीवृंदावनाची माती चाळूनही सापडली नाही. मग दाराचे अस्तर निघाले, त्यामागचा प्लॅस्टिकचा पडदा सोलला गेला, आणि इतकी वर्षे ज्या गाडीतून मी प्रवास केला तिच्या दाराचे अंतरंग मला प्रथमच दिसले. एक लहान दातेरी चाक, त्याला लागून पंख्यासारखी दातेरी पट्टी, आणि कात्रीसारख्या दोन भुजा, ज्या उघडमीट करीत काच वर उचलतात. मोटार बसविली की हेच काम एक मळसूत्र करते. मळसूत्र चाकाला फिरवू शकते, परंतु चाकाला मळसूत्र फिरविता येत नाही. म्हणून चोराने काच कितीही दाबली तरी ती खाली येत नाही. हे ऐकल्यावर मला शिक्षणखात्याची आठवण झाली, जेथे परिपत्रक वरून खाली अखंड येते आणि अर्जाला मात्र खालून वर जाण्याचा मार्ग नसतो.

काच आणि रबर यांमधील फटीतून त्या दारात एक संपूर्ण दप्तर जमा झाले होते. एक कंगवा, लग्नाची पत्रिका, रेल्वेचे तिकीट, आणि धर्मकाट्याची ती पावती, जी हरविल्याबद्दल मी दोन वर्षांपूर्वी पुतण्याला चारचौघांत बेजबाबदार ठरविले होते. पावतीच्या पाठीवर माझ्या वळणदार अक्षरात तुरीची डाळ, हिंग आणि काड्यापेट्या अशी यादी होती. पुतण्याने ती वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

सायंकाळी चाचणी झाली. 'वर'चे बटण दाबताच काच डौलाने खाली गेली. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की तिची फिरण्याची दिशा उलटते, हे मला विज्ञानाच्या गुरुजींच्या सहवासाने ठाऊक होते, पण मिस्त्रीचे म्हणणे, "सवय होऊन जाते जी." अमेरिकेत पॅकार्ड गाडीच्या काचा १९४० सालीच तेलाच्या दाबाने वरखाली होऊ लागल्या होत्या, ऐंशीहून अधिक वर्षे थांबून आमच्या अंगणात आलेली प्रगती उलटी का घ्यावी, असा मी आग्रह धरला, तेव्हा तारा बदलल्या गेल्या.

मात्र खरा घोटाळा तारांचा नव्हता. दोन्ही काचांची बटणे पुतण्याच्या हाताशी बसली होती. डावीकडेही एक बटण होते. पण ते मिस्त्रीने "उद्या जोडतो" म्हणून तहकूब ठेवले, आणि तो उद्या अद्याप उगवायचा आहे. ज्या हँडलावर सौभाग्यवतीचे राज्य होते, तेथे आता बशीएवढे एक काळे झाकण आले.

कुलपांनी आपले दर्शन भंडारा रोड स्टेशनावर घडविले. जावईबापूंना आणायला गेलो असता, चावी आत राहिलेली असताना पुतण्याने दार आपटले, आणि आतून दोन्ही खुंट्या 'टक्' करून एकदम खाली बसल्या. फलाटावर जावई, आवारात आम्ही, आणि गाडीत चावी. डावी काच चार बोटे उघडी होती, ती केवळ सौभाग्यवतीने येताना वाऱ्यासाठी घातलेल्या वादामुळे. तिने माझ्या हातातली छत्री घेतली, फटीतून आत घातली, मुठीच्या आकड्यात खुंटी अडकविली आणि वर ओढली. पुन्हा 'टक्' झाले आणि दोन्ही दारे मोकळी झाली. जावईबापू म्हणाले, "वा, सेंट्रल लॉक आहे!"

त्या दिवसापासून एक गोष्ट मी मधल्या आसनावरून पाहतो आहे. मोहाडीच्या वाटेवर ते विशिष्ट घर जवळ आले की सौभाग्यवतीचा डावा हात नकळत त्या काळ्या झाकणापाशी जातो आणि हवेत, जेथे हँडल होते नेमके तेथे, संथपणे फेरे घेऊ लागतो. पुतण्या रस्त्यावरची नजर न हलविता बटण दाबतो. फेरे सहा होतात, काच गळ्यापर्यंत चढते, आणि हात मांडीवर परत येतो.

परवा तिने अडीच फेऱ्यांवर हात थांबविला. काचही थांबली.